रोमेलपेक्षा पेट्रोल भारी : आफ्रिकेच्या युद्धावरचा बोर्ड गेम, सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. गेम घ्या, पाचपैकी चार स्टार. त्यातले निदान दोन तर नुसत्या पुरवठ्याच्या नियमांसाठी, आणि जो एक कापलाय तो त्या कोल्ह्याच्या कार्डासाठी, त्याच्यावर खाली भांडणारच आहे.

दोघांनी खेळायचा गेम आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवरचा, एक बाजू जर्मन-इटालियनांची, दुसरी ब्रिटिशांची. फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन जनरल एर्विन रोमेल ट्रिपोलीला उतरला तिथून सुरुवात, आणि मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन-इटालियन फौजांनी हत्यारं खाली ठेवली तिथे शेवट. एक टर्न म्हणजे एक महिना. नकाशा इतका लांब की जेवणाच्या टेबलावर मावत नाही, आम्ही फोंड्याच्या घरी सरळ हॉलमध्ये चटई टाकून बसतो. वर समुद्र, खाली वाळवंट आणि मधून किनाऱ्याला धरून जाणारा एकच डांबरी रस्ता, सगळा खेळ त्या रस्त्याचा आहे हे पहिल्या अर्ध्या तासातच डोक्यात शिरतं.

सोंगट्या पुठ्ठ्याच्या, चौकोनी, छपाई एकदम स्पष्ट. पण गोव्यात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, पावसाळ्यात बॉक्स उघडा ठेवलात तर सोंगट्यांच्या कडा सुटायला लागतात आणि नकाशाच्या घड्या फुगून पट नीट सपाट बसतच नाही. आत सिलिका जेलची पाकिटं टाका आणि बॉक्स कपाटात वरच्या खणात ठेवा, भिंतीला टेकवून तर अजिबात नको. रूलबुक इंग्रजीत आहे, जाडजूड आहे आणि पुरवठ्याचं प्रकरण दोनदा वाचावं लागतं. ते कंटाळा न करता वाचाच, कारण गेमचा जीव तिथेच आहे.

होतं काय की जर्मन बाजूवाला प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला इटलीहून निघालेल्या जहाजांसाठी फासे टाकतो. माल्टा बेट ब्रिटिशांकडे आहे, तिथली विमानं आणि पाणबुड्या त्या टर्नला जोरात असतील तर काही जहाजं बुडतात. बुडाली की आपल्याला वाटतं झालं, आता संपलं. पण खरी मारामारी पुढे सुरू होते. माल ट्रिपोलीला उतरला तरी लढाई कुठे चाललीये? इजिप्तमधल्या अल अलामेनला म्हणजे रस्त्याने दोन हजार किलोमीटरच्या वर. बेंगाझी हातात असेल तर तिथे उतरवा, पण त्या बंदराला मर्यादा आहे, टोब्रुकला त्याहून कमी. मग माल ट्रकवर चढतो आणि ट्रक काही घरं पुढे गेला की त्याच्यावर ठेवलेल्या पेट्रोलच्या सोंगटीतून एक भाग काढून डब्यात टाकायचा, कारण तेवढं ट्रकनेच पिऊन टाकलं. माझा भाऊ पहिल्यांदा जर्मन बाजूने बसला तेव्हा धडाधड पुढे गेला, गझाला घेतलं, टोब्रुक घेतलं, इजिप्तमध्ये शिरला, आणि अलामेनसमोर आल्यावर त्याने मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर ट्रकच्या सोंगट्यांची रांग, आणि शेवटच्या ट्रकवर पेट्रोलचा एकच भाग शिल्लक. टँक समोर उभे, हलवता येत नाहीत. अलेक्झांड्रिया बोटभर अंतरावर.

हे तंतोतंत असंच घडलं होतं. ३० ऑगस्ट १९४२ ला रोमेलने आलम हल्फाच्या टेकाडाकडे शेवटचा मोठा हल्ला केला तेव्हा ज्या तेलवाहू जहाजांच्या भरवशावर तो निघाला होता त्यातली वाटेत बुडाली, आणि आठवड्याभरात त्याला परत फिरावं लागलं. रोमेल आयुष्यभर इटालियन नौदलाला बोल लावत राहिला, पण हा गेम खेळलात की कळतं प्रश्न फक्त समुद्राचा नव्हताच. बराचसा माल आफ्रिकेत पोचत होता. बंदरापासून आघाडीपर्यंत तो न्यायचा कसा हा प्रश्न होता, आणि तो तर रोमेलनेच स्वतःवर ओढवून घेतलेला. त्याला पाठवलं होतं इटालियनांना आधार द्यायला, पडती बाजू सावरून धरायला. बर्लिनचं सगळं लक्ष तेव्हा रशियाकडे होतं. हा गडी उतरल्यावर दीड महिन्याच्या आतच, मार्च १९४१ अखेरीला, अल अघेलावरून जे सुटला तो थेट टोब्रुकच्या तटबंदीवर जाऊन आदळला. जर्मन लष्करप्रमुख हाल्डर इतका वैतागला की त्याने पाउलुसला पाहणीला धाडलं, तोच पाउलुस जो पुढे स्टालिनग्राडला शरण गेला. गेममध्ये यासाठी एक साधा नियम आहे, जर्मन खेळाडूने ठरवून दिलेल्या रेषेच्या पुढे पाऊल टाकलं की बर्लिनची नाराजी एक घर वर सरकते आणि पुढच्या कुमकीत कपात होते. कुमक नको असेल तर जा पुढे. मला हा नियम फार आवडला, कारण तो खेळणाऱ्याला मोहात पाडतो आणि मग बिल हातात देतो.

आता टोब्रुक. इथे थोडं थांबते, कारण आमच्या घरात या गेमचा सगळ्यात गाजलेला डाव याच टर्नचा.

आमच्या शेजारी एक काका आहेत, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. बेळगाव म्हणजे घाट चढला की आलंच, तिथे रेजिमेंटचं सेंटर, उमेदीची वर्षं तिथे आणि सीमेवर काढलेली. चवथीला आले होते गणपती बघायला, आम्ही पट मांडलेला बघून चष्मा लावून खाली वाकले. पहिला प्रश्न, "आमची पलटण कुठाय गो यात?" मी जून १९४२ च्या मांडणीत टोब्रुकच्या घरावर ठेवलेली सोंगटी दाखवली. त्याच्यावर फक्त '११ भारतीय' एवढंच छापलंय. ही ११ वी भारतीय ब्रिगेड. तिच्यात कॅमेरॉन हायलँडर्स होते, गुरखा होते आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. रोमेलने २० जूनला पहाटे टोब्रुकवर घाव घातला तो आग्नेय कोपऱ्यात, आधी स्टुका विमानांनी भाजून काढलं आणि मग टँक घातले, ते नेमके मराठ्यांच्या मोर्चावर. तिथला रणगाडाविरोधी खंदक वाळूने भरत आलेला, सुरुंग बरेच उचलून आधीच गझालाला नेलेले. आदल्या वर्षी याच टोब्रुकने २४१ दिवस रोमेलला दारात उभं केलं होतं, या वेळी एका दिवसात तट फुटला आणि २१ जूनला शरणागती झाली. सुमारे ३३,००० सैनिक कैद. हिटलरने रोमेलला दुसऱ्याच दिवशी फील्ड मार्शल केलं, वय ५०, जर्मन सैन्यातला सगळ्यात तरुण.

काकांना हे सगळं माहीत होतं, रेजिमेंटमध्ये सांगितलं जातं म्हणाले. ती सोंगटी उचलून त्यांनी उलटी केली, मागे बघितलं, मागची बाजू कोरी. या गेममध्ये सोंगटीची मागची बाजू म्हणजे त्या तुकडीची जखमी अवस्था, निम्म्या ताकदीने लढण्याची सोय. जर्मन डिव्हिजनला आहे, ब्रिटिश आर्मर्ड ब्रिगेडला आहे, भारतीय ब्रिगेडींना नाही. एकदा मार खाल्ला की सरळ डब्यात. काका म्हणाले, "जखमी होऊन लढायची परवानगी नाय वाटतं आमका." मग मला शब्दच सुचेना, मी गेम कंपनीला ईमेल पाठवायचं ठरवलं आणि पाठवलं पण.

आणि हा नुसता भावनेचा मुद्दा नाही, खेळावर परिणाम होतो याचा. १ जुलै १९४२ चं बघा. टोब्रुक जिंकून रोमेल अलामेनच्या ओळीवर आला, आज फोडली तर उद्या अलेक्झांड्रिया अशी परिस्थिती. देर अल शाइन नावाच्या खळग्यात १८ वी भारतीय ब्रिगेड होती, इराकमधून घाईघाईत आणलेली, तोफा अपुऱ्या. संध्याकाळपर्यंत ती ब्रिगेड संपली, पण तिने रोमेलचा तो अख्खा दिवस खाल्ला आणि तोच दिवस त्याला परत मिळाला नाही. गेममध्ये काय होतं? तिला एक फासा पडतो, सोंगटी उचलायची, जर्मन टँक पुढे. दिवस खाण्याची शक्यताच ठेवलेली नाही. म्हणून आम्ही घरचा नियम केलाय, भारतीय ब्रिगेड पडली की समोरच्याची त्या टर्नमधली उरलेली चाल थांबते. खेळून बघा, जुलैचा टर्न एकदम खराखुरा होतो.

आता ते कोल्ह्याचं कार्ड. डेझर्ट फॉक्स, वाळवंटातला कोल्हा, कार्डावर तो गॉगल चढवलेला प्रसिद्ध चेहरा. हे हातात असलं की जर्मन खेळाडूला प्रत्येक टर्नमध्ये एकदा कुठलाही फासा परत टाकता येतो आणि ब्रिटिशांची एक झाकलेली सोंगटी उघडून बघता येते. अख्ख्या गेमभर. मी म्हणते का? रोमेल चांगला सेनापती होता यात वाद नाही, आघाडीवर स्वतः जायचा, समोरच्याची गोंधळाची घटका नेमकी पकडायचा, ८८ मिलीमीटरच्या विमानविरोधी तोफा टँकवर वापरायची हिकमत त्याने १९४० मध्ये फ्रान्समधल्या अरासला दाखवली आणि आफ्रिकेत तर तिचा कहर केला, जून १९४१ मध्ये हलफाया खिंडीत ब्रिटिश माटिल्डा टँकांची काय गत झाली ते वाचलेल्यांना माहितीये. पण झाकलेली सोंगटी त्याला दिसायची ती काही अंतर्ज्ञानाने नाही. कैरोतला अमेरिकन लष्करी अधिकारी फेलर्स रोज वॉशिंग्टनला ब्रिटिशांच्या हालचाली इत्थंभूत कळवायचा, आणि त्याचं सांकेतिक कोड इटालियनांनी रोममधल्या अमेरिकन वकिलातीतून उडवलेलं होतं. जोडीला रोमेलची स्वतःची रेडिओ ऐकणारी कंपनी होती, जी ब्रिटिशांचं वायरलेसवरचं मोकळंढाकळं बोलणं टिपायची. फेलर्सचा झरा जून १९४२ च्या अखेरीस आटला, आणि १० जुलैला ऑस्ट्रेलियनांनी तेल अल इसाला ती रेडिओ कंपनीच पकडली. त्यानंतर कोल्ह्याला फारसं काही दिसेनासं झालं. उलट ब्रिटिशच त्याचे संदेश फोडून वाचत होते. गेमवाल्यांना हे माहीत नसेल असं नाही, रूलबुकच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दिलंय, मग कार्डावर का नाही आणलं? जुलै १९४२ नंतर हे कार्ड उलटं करा, परत फासा टाकायची मुभा ठेवा, सोंगटी बघायची काढा. आम्ही तसंच खेळतो आणि ब्रिटिश बाजूने बसणाऱ्याला उगाच आपण भुताशी खेळतोय असं वाटत नाही.

गंमत म्हणजे ही भुताची तक्रार तेव्हाच्या ब्रिटिश सेनापतीनेसुद्धा केली होती. ऑकिनलेक, मूळचा आपल्याकडच्या इंडियन आर्मीतला अधिकारी. त्याने आपल्या हाताखालच्यांना लेखी बजावलं की सैनिकांमध्ये रोमेलचा बागुलबुवा होत चाललाय, हे थांबवा. आणि तिकडे चर्चिल जानेवारी १९४२ मध्ये भर पार्लमेंटात त्याला थोर सेनापती म्हणून मोकळा. समोरचा थोर असला की आपल्या पराभवाला जरा इज्जत येते ना. रोमेलच्या दंतकथेत गोबेल्सच्या प्रचाराइतकाच हात त्याच्या शत्रूंचा आहे, हे माझं मत खेळताना पक्कं होत गेलं.

बॉक्समध्ये रोमेलच्या चरित्राची एक छोटी रंगीत पुस्तिका पण मिळते. सुरुवातीचा भाग उत्तम जमलाय. १५ नोव्हेंबर १८९१ चा जन्म, हायडेनहाइम गाव, बाप शाळामास्तर, म्हणजे प्रशियन सरदार घराण्यांशी काही संबंध नाही. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये इटलीच्या डोंगरात माताजुरचं शिखर घेतलं, हजारोंनी कैदी पकडले, त्याबद्दल सर्वोच्च पदक. मग मात्र पुस्तिका घसरते. १९३९ मध्ये हिटलरच्या संरक्षक तुकडीचा तो प्रमुख होता हे एका ओळीत, आणि पायदळाच्या या माणसाला १९४० मध्ये एकदम टँकची सातवी डिव्हिजन मिळाली ती हिटलरच्या मर्जीने, हे तर कुठेच नाही. फ्रान्समध्ये ती डिव्हिजन इतकी सुसाट सुटली की भुतांची डिव्हिजन नाव पडलं, शेरबुर्ग घेतलं, ते सगळं फोटोसकट आहे.

आणि आफ्रिकेबद्दल तेच नेहमीचं, स्वच्छ युद्ध, द्वेषाशिवायचं युद्ध. रोमेलने कैद्यांना बऱ्यापैकी नियमाने वागवलं हे खरं. पण १९४२ च्या उन्हाळ्यात अथेन्समध्ये नाझींच्या एसएस दलाची एक तुकडी तयार बसली होती, प्रमुख वाल्टर राउफ, विषारी वायूच्या गाड्यांत माणसं मारण्यामागचा तोच. रोमेलची फौज कैरोच्या पुढे गेली असती तर तिच्या मागोमाग ही तुकडी जाणार होती, तिथल्या ज्यूंना मारायला. अलामेनला फौज अडली म्हणून ते टळलं. पुढे हाच राउफ ट्युनिशियात आला आणि तिथल्या हजारो ज्यूंना सक्तीच्या मजुरीला जुंपलं. म्हणजे ज्या ट्रकच्या रांगेवर आपण पेट्रोल मोजत बसतो ती रांग पुढे सरकली असती तर काय झालं असतं हे पुस्तिकेत यायलाच हवं होतं. मी हा गेम शाळेतल्या मुलांबरोबर खेळते, भाचरं आहेत, त्यांना मी हे स्वतः सांगते. खेळाच्या मधेच सांगते, नंतर नाही.

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट सुटलीये जी आपल्या लोकांना बघायला आवडली असती. आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय कैद्यांतूनच सुभाषबाबूंची जर्मनीतली फौज, आझाद हिंद लीजन, उभी राहिली, आणि १९४४ च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर तिची पाहणी कोणी केली? रोमेलने. फोटो आहे त्याचा. काकांना मी तो मोबाईलवर दाखवला, बराच वेळ बघत होते, मग म्हणाले माणसं तीच, फक्त युनिफॉर्म बदलला.

शेवटच्या टर्नांबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर १९४२ चा अलामेनचा टर्न छान आहे, जर्मन खेळाडूला रोमेलची सोंगटी पटाबाहेर ठेवावी लागते कारण तो आजारी रजेवर ऑस्ट्रियात होता, त्याच्या जागी आलेला जनरल श्टुमे लढाई सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हार्ट अटॅकने गेला, रोमेल २५ ला संध्याकाळी परत आला तोवर हातचं गेलेलं होतं. तिथे पेरलेले सुरुंग गेममध्ये दोन सोंगट्यांत आटोपलेत, प्रत्यक्षात चार-पाच लाख होते आणि युद्ध संपल्यावर कितीतरी वर्षं इजिप्तचे बेदू लोक आणि त्यांची जनावरं त्यात मरत राहिली. हायडेनहाइमला रोमेलचं स्मारक आहे १९६१ चं, त्याच्यासमोर २०२० मध्ये सुरुंगात पाय गमावलेल्या माणसाची आकृती उभी केली, मला वाटतं त्याच्या वारशावर आजवर झालेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम. नाहीतर पश्चिम जर्मनीने त्याच्या नावाने बराकी काढल्या, एका विनाशिकेला त्याचं नाव दिलं, नाटोतल्या दोस्तांना पण तो चालत होता.

मार्च १९४३ चा टर्न आला की आम्ही गोंयकार जरा जास्त उत्साहात असतो. ९ मार्चला रोमेल आफ्रिका कायमची सोडून गेला, आणि त्याच दिवशी रात्री इकडे आमच्या मुरगाव बंदरात एरेनफेल्स जहाज पेटलं. पोर्तुगीज तटस्थ होते म्हणून तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज तिथे अडकून होतं, त्यातल्या एरेनफेल्सवरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या खबरा पाणबुड्यांना जायच्या असा ब्रिटिशांना संशय, म्हणून कलकत्त्याच्या लाइट हॉर्स या राखीव घोडदळाची वयस्क मंडळी एका गाळ काढायच्या बार्जवरून आली आणि छापा घातला. खलाशांनी स्वतःच जहाजं बुडवली, चारही गेली. एकाच तारखेला! अर्थात याचा गेमशी काही संबंध नाही, पण भाऊ त्या टर्नला नकाशाच्या बाहेर काडेपेटी ठेवतोच.

पुस्तिकेचा शेवट रोमेलच्या मृत्यूवर आहे आणि तो भाग सरळ लिहिलाय, उगाच रडारड नाही. जुलै १९४४ मध्ये नॉर्मंडीत विमानाच्या माऱ्यात जखमी, तीन दिवसांनी हिटलरवर बॉम्ब, त्याचं नाव कटात आलं, १४ ऑक्टोबरला घरी दोन जनरल आले आणि विष किंवा खटला असा पर्याय दिला. त्याने विष घेतलं, बायको आणि मुलगा वाचावेत म्हणून. जनतेला सांगितलं जखमांनी गेला, सरकारी इतमामात अंत्यसंस्कार. हत्येचा बेत त्याला माहीत होता का यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, आणि पुस्तिका तो वाद मिटल्याचा आव आणत नाही, याचं श्रेय देते.

बाकी कामाचं. पूर्ण मोहीम खेळायला अख्खा शनिवार-रविवार लागतो, नवीन असाल तर आधी फक्त मे ते जुलै १९४२ चा छोटा डाव मांडा, तो एका दुपारी होतो. बारा वर्षांपुढच्या मुलांना जमतं, पेट्रोलचा हिशोब मात्र एकाने वहीत लिहायला घ्या, तोंडी ठेवलात तर भांडणं. लाइट जायच्या दिवसांत मेणबत्ती पटावर ठेवू नका, चार्जिंगचा दिवा ठेवा. किंमत जास्त आहे, परदेशातून येतो म्हणून डिलिव्हरीचे पैसे वेगळे आणि माझा बॉक्स आला तेव्हा एक कोपरा चेपलेला होता, आतलं सगळं ठीक. दोघा-तिघा मित्रांनी मिळून घेतलात तर परवडतो. कंपनीकडून सोंगट्यांच्या मागच्या बाजूबद्दल उत्तर आलंय, पुढच्या आवृत्तीत भारतीय ब्रिगेडींना दोन बाजू देण्याचा विचार करू म्हणतात. तोपर्यंत मी स्टिकर छापून चिकटवलेत, ११ आणि १८ दोन्हींना.